वैजनाथच्या घरची कणीक

"माय, कणीक दे गं, भजन लागायलंय."

दहा वर्षांचा वैजनाथ पळत यायचा अन् उंबऱ्यातूनच हात पुढं करायचा. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, ओली कणीक थापल्याशिवाय आवाज पोटातून येत नाही. शकुबाई परातीतला गोळा तोडून द्यायची. पुढं तोच गावाचा पखवाजी झाला, आणि कुरुंद्याजवळच्या त्या गावात सप्ताहाची कणीक शकुबाईच्याच घरची, असा रिवाज पडला.

वैजनाथनं जीव दिला, त्याला दोन वर्षं झाली. 'हार्टनं गेला' असं सांगायचं, हे त्याच्या चुलत्यानं, माणिकरावांनी ठरवलं. भजनी मंडळ त्यांच्याच शब्दावर चालायचं. शकुबाईनंही तेच सांगितलं; दारी आलेल्याला पाणी द्यावं, तसं प्रत्येकाला. पण तेव्हापासून सप्ताहाची कणीक दुसऱ्या घरून जाऊ लागली. कोणी काही बोललं नाही.

तीही बोलली नसती. पण सून पुनम, वैजनाथची बायको, गप झाली होती. हळद शिजवताना कढईपाशी उभी राहायची, वाफेत बघत. जेवण दोन घास. परवा म्हणाली, "आत्या, तिकडं त्यांना झोप लागत असंल न्हाई?"

शकुबाईचा हात थांबला. वैजनाथही जायच्या आधी असाच झोपेचं बोलायचा. काय होतंय म्हणून विचारलं, तर पुनम हसली. "काय न्हाई. बरी हाय मी."

दोन वर्षं खोटं बोललेल्या सासूला ती खरं काहून सांगंल?

सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच शकुबाईनं कणीक मळायला घेतली. हाताची हळद कणकीला लागली, लागू दिली. मळता मळता ओठांवर आली ती ओवी तिची तिनंच जुळवलेली:

*माझ्या गं बाळाचा, पखवाज वाजं खोल,*
*समद्यांनी ऐकला ठेका, कुणी ऐकला ना बोल.*

"चल माझ्यासंगं," ती पुनमला म्हणाली.

मंडपात बाया तांदूळ निवडत होत्या. माणिकराव पुढं आले. "वहिनी, कणीक आलीय कमलबाईकडून."

"म्हाईत हाय. ही वैजनाथच्या घरची."

"ठिवा तिकडं. गाईला घालू."

"भाऊजी, पोरगं हार्टनं गेलं म्हणून तुमीच सांगून राहिले ना? मंग हार्टनं गेलेल्याच्या घरची कणीक काहून चालत न्हाई?"

सुपं थांबली. "हार्टवाले तर घरोघरी हायत," कमलबाई तांदळाकडं बघतच म्हणाली. "मंग कणीक काय बाजारातून आणायची?"

माणिकरावांनी आवाज खाली घेतला. "देवाच्या दारात हा विषय नको, वहिनी. भजनातल्या माणसानं असं केलं म्हणल्यावर लोक काय म्हणतील? भजनाचा फायदा काय, म्हणतील."

"फायदा हाय. भजनात बसायचा तवर तगला तो. लई वरसं धरलं त्याला या मंडपानं. पण जीव नकोसा झाला म्हणून तुमच्याकडं आला, तवा तुमी काय म्हणलात? मन दुबळं करू नको, नाम घे. नाम तर तो घेतच होता, भाऊजी. त्याला दवाखान्यात न्यायला पायजे होतं. कुणी जवळ बसायला पायजे होतं. मी बी न्हाई बसले."

माणिकराव गळ्यातल्या माळेशी चाळा करत राहिले.

शकुबाई बायांकडं वळली. "माझ्या वैजनाथनं जीव दिला. हार्ट न्हाई. अन् तो देवाचा होता, देवाचाच हाय. ज्याला बाटल्यासारखं वाटंल त्यानं उठून जावं."

कोणी उठलं नाही. वैजनाथच्या जागी आता पखवाज वाजवणाऱ्या बालाजीनं आपला पखवाज उचलून तिच्यासमोर आडवा ठेवला. शकुबाईनं पिवळसर गोळा धुमेवर थापला, तळव्यानं दाबून बसवला.

मागून पदर ओढल्यासारखा झाला. पुनम होती.

"आत्या," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्या बायांना ऐकू गेला. "मला बी जगू वाटंना गेलंय. लई दिवस झाले. मला एकटीला ठिवू नका. आजच दवाखान्यात न्या."