भिंगाच्या पोटातली जळजळ

मी भिंग आहे. जुनं, पितळी कड्याचं, लाकडी मुठीचं. मित्रांनो, मी तुमच्या हाती लागलो तर तुम्ही आधी माझ्यातून एकमेकांचे डोळे बघाल आणि खिदळाल. खुशाल खिदळा. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की माझी काच कितीही स्वच्छ असली तरी पोट स्वच्छ नाही. पोटात मत्सर आहे.

एका चष्मेवाल्याने मला घासून घासून घडवलं. कडेला पातळ केलं, मधे फुगीर ठेवलं. त्याच्या दुकानातून मला मास्तरांनी उचललं. मास्तर शाळेत इंग्रजी शिकवत. निवृत्त झाल्यावर ते मुलांसाठी इंग्रजी-मराठी कोश करायला बसले. जाडजूड ग्रंथांतली मुंगीएवढी अक्षरं वाचायला त्यांना मी लागायचो. चहा झाला की एका हातात मी आणि दुसऱ्या हातात चिठ्ठी. एका चिठ्ठीवर शब्दाचा एकच अर्थ, हा त्यांचा नियम. दुसरा नियम अधिक कडक होता. अर्थ मराठीत आणला की त्याचं वाक्य करायचं आणि इंग्रजीचं नाव न काढता ते स्वयंपाकघराकडे भिरकावायचं. आतून त्यांच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, न अडखळता उत्तर दिलं तर चिठ्ठी पास. बाईंनी कपाळाला आठी घातली की नापास.

पाहुणे आले की मास्तर मला उचलून म्हणत, "हा माझा तिसरा डोळा." तेव्हा माझं पितळ सोन्यासारखं चमकायचं.

मग आला 'रन'. धावणे या अर्थाचा, इंग्रजीत तीन अक्षरांचा टीचभर शब्द. बाकीचे शब्द एकेका बैठकीत वाटेला लागत. हा दोन दिवसांचा पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला. त्याच्या अर्थांच्या चिठ्ठ्या टेबलावरून पलंगावर, पलंगावरून जमिनीवर पसरल्या. मास्तरांना दुसरं काही सुचेना.

"अगं, धाकट्या नातवाचं नाक वाहतंय," ते आतल्या दिशेने ओरडत.

"मग पुसा की! का त्यालाही मीच येऊ?"

पास.

"नव्या चादरीचा रंग धावला."

"धावू दे. मी काय पदर खोचून मागे पळू?"

नापास. मास्तरांनी खोडून 'रंग जाणे' लिहिलं.

"शेजारचे वकील निवडणुकीला धावताहेत."

"उभे राहताहेत म्हणा. धावायचं ते निवडून आल्यावर, आणि तेही आपल्याला टाळायला!"

मास्तर पोट धरून हसले. इंग्रज ज्यासाठी पळतो त्यासाठी आपण उभे राहतो, असं म्हणत त्यांनी ती चिठ्ठी छातीशी धरली. मी बाजूला पडून होतो. अक्षर मोठं करणारा मी, आणि लाड मात्र अक्षराचे! मला त्या शब्दाचा इतका राग यायचा की त्याच्यावरून फिरताना वाटे, याला मोठं करूच नये.

पण त्याच सुमारास मला एक गोष्ट कळली. ती घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. मास्तरांच्या नजरेच्या मधोमध एक डाग पडला होता आणि तो पसरत होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. प्रकाशकाचा निरोप होता, की झेपत नसेल तर उरलेला कोश दुसऱ्याकडे देऊ. म्हणून मास्तर गप्प राहिले. मला चिठ्ठीवर धरायचे आणि पाठ असलेलं घडाघडा म्हणायचे. लोकांना वाटे, वाचताहेत. त्यांच्या-माझ्यातलं हे गुपित मला फार गोड वाटलं. आता तरी ते सर्वस्वी माझे होते.

एका सकाळी गावातच सासर असलेली त्यांची लेक माहेरी आली आणि त्यांच्यासमोर बसली. मास्तरांनी मला चिठ्ठीवर धरलं आणि म्हणून दाखवलं, "दुकान चालवणे." लेकीने चिठ्ठीकडे पाहिलं. चिठ्ठी पालथी होती. तिच्या कोऱ्या बाजूवरून मास्तर अर्थ वाचत होते.

तिने त्यांच्या हातातून चिठ्ठी अलगद काढून घेतली.

"बाबा, आता मी वाचते. तुम्ही नुसतं ऐका. तुमचं ऐकून आईचे कान किटलेत."

"तुझे उच्चार कच्चे आहेत."

"म्हणूनच तर. चुकले की रागवा."

मास्तरांनी मला टेबलावर ठेवलं. "वाच," ते म्हणाले.

त्यानंतर ती रोज यायची, वाचायची, ते सांगतील ते लिहून घ्यायची. बापलेक भांडायचे, बाई आतून निकाल द्यायच्या. 'पिढ्यान्‌पिढ्या चालत येणे' या 'रन'च्या अर्थाला मास्तरांनी उदाहरण सांगितलं, "या घरात हट्टीपणा चालत आला आहे." लेक म्हणाली, "तुमच्याकडूनच!" आणि लिहिता लिहिता हसली. मी टेबलावर धूळ खात जळत होतो. शब्दावर जळलो होतो, ती नुसती ठिणगी होती. लेकीवर जळलो तो वणवा.

'रन' पूर्ण झाला, कोशही पूर्ण झाला. छापखान्यातून तपासायला पानं आली तेव्हा मास्तर नव्हते.

लेक त्यांच्या खुर्चीत बसली. अक्षर बारीक होतं. तिने मला पदराने पुसलं आणि 'रन'च्या पानावर धरलं. मी जीव ओतून एकेक अक्षर मोठं केलं. वाटलं, आता तरी माझी पाळी आली. पण तिची नजर हट्टीपणाच्या उदाहरणावर थांबली, ती पुढे सरकेचना. ओठ हलत होते. ती ते वाक्य वाचत नव्हती, ऐकत होती. आणि ऐकू येईल असं माझ्या काचेत काही नाही.

मित्रांनो, भिंगाला ओरखडे पाडू नका, मऊ फडक्याने पुसा, हे मी सांगायलाच हवं. पण तुमच्या घरातलं वडीलधारं माणूस एकाच कागदावर फार वेळ भिंग धरून बसलं, तर जवळ जा. काही विचारू नका. कागद हातातून काढून घ्या आणि म्हणा, "आणा, मी वाचतो." टेबलावर पडलेलं भिंग जळेल.

जळू दे.