तेरा मग पाणी

फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेत होतो. टेप त्याच्या पाठीमागून पुढे आणली होती. दवाखान्यातली नर्स बोलत होती. बायको सकाळी तपासणीसाठी आपल्या पायांनी चालत गेली होती, अकरापर्यंत येते म्हणाली होती. नर्स म्हणाली, लगेच या. मग जरा थांबून म्हणाली, सावकाश आलात तरी चालेल. त्यावरून मला कळलं. मी वहीत ‘छाती अडतीस’ असं लिहिलं, गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं आणि चपला घातल्या.

त्या संध्याकाळी सहा वाजता आतल्या खोलीतले दिवे आपोआप विझले. सकाळी सहाला आपोआप लागले. ते टायमरवर होते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

आतली खोली तिची. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यावर तिने ती ऑर्किडसाठी घेतली. त्या खोलीत ऊन कधीच आलेलं नाही. एकच खिडकी, तीही बोळकंडीत उघडणारी, काच बसवून पक्की केलेली. भिंतीत वर एक पंख्याचं भोक. तीन मांडण्या, वर नळीचे दिवे, एकशे चाळीस कुंड्या. मी पुढच्या खोलीत शिवायचो, ती मागे पाणी घालायची. मधल्या भिंतीतून तिचा पाण्याचा मग आपटल्याचा आवाज यायचा. माझ्या मशीनचा आवाज तिला जात असणार.

ती गेल्यावर मी पंखा बंद केला. वरच्या भोकात कोटाच्या अस्तराचं कापड कोंबलं आणि वरून चिकटपट्टी लावली. दारही लावून ठेवायचो. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्या खोलीत तिचा वास होता. ओल्या सालीचा, आणि हाताला लावायच्या तिच्या मलमाचा. तो बाहेर जाऊ नये असं मला वाटत होतं.

दुपारी दुकान बंद करून मी तिच्या स्टुलावर जाऊन बसायचो. उबदार, ओली हवा. बसल्या बसल्या डोळा लागायचा. पानांवरून थेंब पडायचे ते आधी ऐकू यायचे, मग ती मागच्या मांडणीपाशी आहे असं वाटायचं. पाठमोरी, एक एक कुंडी उचलून तिचं वजन बघणारी. मी हाक मारायचो नाही. हाक मारली की जाग येते हे मला दोन-तीनदा कळलं होतं. जागा झालो की काचेवर वाफ धरलेली असायची आणि त्या वाफेत तिच्या बोटाच्या रेघा दिसायच्या. काच पुसलेली नव्हती, म्हणून ओल आली की त्या पुन्हा वर यायच्या. त्यांच्याकडे बघत मी आणखी थोडा वेळ बसायचो.

पाणी मीच घालत होतो. किती घालायचं ते माहीत नव्हतं. कमी पडू नये म्हणून भरपूर घालायचो.

दीड महिन्यात फुलांवर तपकिरी ठिपके आले. मग राखाडी लव. कळ्या गळायला लागल्या. मुलीला फोनवर दाखवलं.

“बाबा, ही बुरशी आहे,” ती म्हणाली. “खोली किती कोंदटलीय. काच बघा, गळतेय नुसती.”

“पुसतो.”

“पुसून काय होणार? नर्सरीवाल्यांना देऊन टाकू या सगळं. ते नीट बघतील.”

“सात वर्षांचं झाड आहे ना त्यात.”

तिला माहीत होतं. तिच्या आईने दोन ऑर्किडचा संकर केला होता, काडीने पराग लावून. शेंग धरली, ती एका प्रयोगशाळेत पाठवली, वर्षाने बाटलीतून हिरवे धागे परत आले. त्यातली नऊ रोपं जगली. सात वर्षं त्यांनी नुसती पानं दाखवली. या वर्षी एकाला दांडा आला आणि त्याच्या टोकाला एकच कळी धरली. ती तिने बघितली होती. चण्याएवढी असताना.

“महिनाभर थांबतो,” मी म्हणालो. “नाहीच जमलं तर ने.”

गेल्या पावसाळ्यातही बायकोच्या झाडांच्या चार कळ्या गळल्या होत्या. तेव्हा ती म्हणाली होती, हवेतलं पाणी ओढणारं मशीन मिळतं, एक आण. मी म्हणालो होतो, बघू. आता बघायला निघालो.

मशीनला डिह्युमिडिफायर म्हणतात. दुकानदार म्हणाला, खोलीचं माप आणा. मापाचं काम माझं. टेपने लांबी घेतली, रुंदी घेतली, स्टुलावर चढून उंची घेतली, मांडण्यांखालची जागा वेगळी घेतली, अर्ध्या इंचापर्यंत. खोक्यावर तक्ता होता, एवढ्या खोलीला एवढं. माझ्या खोलीला दहा लिटरचं, म्हणजे दिवसाला दहा लिटर पाणी ओढणारं, बसत होतं. आणलं. दिवसरात्र घरघरत राहिलं. भिंतीवरचा आर्द्रतेचा काटा अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर होता, आठ दिवसांनी चौऱ्याऐंशीवर आला आणि तिथेच बसला. त्या एकाच कळीच्या देठाला एक ठिपका आला.

माझ्या दुकानाशेजारी फ्रिज दुरुस्त करणारा आहे. वीस वर्षांची ओळख. त्याला बोलावलं. त्याने माझी वही बघितली आणि माझ्याकडे बघितलं.

“मास्तर, खोलीला सूट शिवायचाय?”

“दुकानदाराने माप मागितलं.”

“रिकाम्या खोलीचं मागतात ते. यात झाडं आहेत. छताची उंची काय घेऊन बसलास? छत घाम गाळत नाही.” तो मांडणीशी वाकला. “झाडाला पाणी घालतोस ते जातं कुठे?”

“झाड पितं.”

“पितं आणि पानातून सोडून देतं. शंभर घोटांतले एक-दोन ठेवत असेल स्वतःपाशी. खालच्या ताटल्यांत साचतं तेही शेवटी हवेतच. म्हणजे रोज जेवढं ओतशील तेवढं मशीनने रोज ओढायला हवं. तेच माप. बाकी सगळं तुझं अंगवळणी पडलेलं येड.”

“आणि हे दहाचं आहे की.”

“खोक्यावरचा आकडा भर उकाड्यातला, सगळीकडे ओल असताना काढलेला. तुझी खोली त्या मानाने थंड. इथे निम्मं निघालं तर नशीब.” मग त्याने वर बघितलं. “त्या भोकात काय कोंबलंयस?”

“अस्तर.”

“का?”

मी टेप गुंडाळायला लागलो. त्याने पुन्हा विचारलं नाही.

“काढ ते. नुसतं काढून भागायचं नाही, सध्या बाहेरची हवाही ओलीच आहे. पण काढ. आणि एक सांग, वहिनी रोज किती पाणी घालायच्या? तू ओततोस त्यावर जाऊ नको, तू झाडांना बुडवतोयस.”

एकतीस वर्षं तिचे सगळे कपडे मी शिवले. खांदा साडेचौदा, बाही साडेनऊ, डावा खांदा किंचित उतरता, म्हणून तिथे कापडाचा एक पदर जास्त. हे झोपेतही सांगेन. ती रोज किती मग पाणी घालते हे मी कधी विचारलं नव्हतं. भिंतीपलीकडून आवाज यायचा, पण मी तो मोजला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तिच्या स्टुलावर बसलो. दहाचं मशीन बंद केलं होतं. काचेवर हळूहळू वाफ धरली. आधी खालच्या कोपऱ्यात, मग वर. तिच्या रेघा आल्या. उभ्या, बोटभर अंतरावर, वरच्या ओळीत सात, खालच्या ओळीत कमी. डोळा लागत होता. ती मागच्या मांडणीपाशी होती. हातातला मग रिकामा झाला, ती काचेपाशी आली, बोटाने रेघ ओढली, नळाकडे गेली. पुन्हा आली, पुन्हा रेघ. दुसऱ्या दिवशी तळव्याने सगळं पुसून नव्याने सुरू करणार, असा तिचा शिरस्ता असावा. तो दुसरा दिवस आला नव्हता.

जागा झालो. सात आणि सहा. तेरा.

दोन महिने त्या रेघा माझ्यासमोर होत्या. मी त्यांच्याकडे तिचं बोट म्हणून बघत होतो.

तिचा मग एका बाजूने चेपलेला आहे. औषधाच्या बाटलीने भरून बघितला, नऊशे मिलिलिटर. तेरा मग म्हणजे जवळजवळ पावणेबारा लिटर. वहीत तिच्या मापांचं पान आहे. खांदा, बाही, कंबर, घेर. त्याखाली लिहिलं, पाणी तेरा मग.

फ्रिजवाल्याने ते पान वाचलं आणि वही हळूच मिटली. “पंचवीस लिटरवालं लागेल. आणि तेरा मगच घालायचे, चौदावा नाही. तीन दिवसांत ही काच खडखडीत होईल बघ.”

“थोडं लहान नाही चालणार?”

“दहाचं बघितलंस ना?”

“वीसचं?”

त्याने काचेकडे बघितलं. रेघा तेव्हाही दिसत होत्या. तो खालच्या आवाजात म्हणाला, “मास्तर, तुझ्याकडे कुणी येऊन म्हणालं, छाती अडतीस आहे पण कोट छत्तीसचा शिव, तर?”

“बटण लागणार नाही.”

“मग.”

मशीन आलं तेव्हा खडू माझ्या खिशात होता. रेघांवरून फिरवावा असं मनात आलं. ओल्या काचेवर खडू धरत नाही. कोरडी झाल्यावर धरला असता, पण तेव्हा रेघा कुठे आहेत ते दिसलं नसतं. मी खडू खिशातच ठेवला. स्टुलावर चढून भोकातलं अस्तर काढलं. ते काळं पडलं होतं.

मशीनची नळी बादलीत सोडली. पहिल्या दिवशी बादली पुन्हा पुन्हा ओतावी लागली. तिसऱ्या दिवशी काटा बासष्टवर आला. वास गेला. दुपारी बसलो, पण डोळा लागला नाही. काच साधी काच होती, पलीकडे बोळकंडीतली सायकल दिसत होती. एकदा तोंड जवळ नेऊन श्वास सोडला. दोन रेघा आल्या आणि गेल्या. पुन्हा केलं नाही.

ठिपका देठावर जिथे होता तिथेच वाळला. अठरा दिवसांनी कळी उघडली. बाहेरून फिकट, पिवळसर पांढरी, आणि आत गर्द लाल. चांगल्या कोटाला अस्तर असं लावतात, बाहेरून दिसू नये आणि घालणाऱ्याला माहीत असावं.

मुलगी रजा काढून आली. फुलासमोर वाकली. मग कुंडीत खोचलेली प्लास्टिकची पट्टी काढून वाचली. त्यावर आईच्या अक्षरात संकराची तारीख होती, दोन्ही मूळ झाडांचे नंबर होते आणि खाली मोकळी जागा.

“नाव काय ठेवणार होती?”

“फुललं की बघू म्हणाली होती.”

“मग तुम्ही ठेवा.”

मी पेन आणलं. ते पट्टीजवळच ठेवलं आहे. रोज तेरा मग घालतो, बादली ओततो. अडतीस छातीचा कोट परवा देऊन टाकला. झाडाचं नाव लिहायचं राहिलं आहे.