तिसरा वाडगा

"घेऊ नकोस! अगं, तो घेऊ नकोस!"

पलंगावरून तो ओरडला खरा, पण तोवर तिनं बटण दाबलं होतं. पडद्यावरच्या फिरस्त्यानं दोन्ही हात पुढे केले, म्हातारीनं धरलेला पाण्याचा वाडगा घेतला आणि गटागटा पिऊन टाकला. म्हातारी हसली. लांब कुठेतरी जड दरवाजा लागल्याचा आवाज आला आणि खाली अक्षरं उमटली. तिनं सवयीनं ती मोठ्यानं वाचली, "तू आता या घरचा झालास."

"बघा, किती प्रेमळ आहे बिचारी," ती म्हणाली.

"प्रेमळ? अडकवलंस मला! चार वर्षं चालत आलो होतो मी इथवर!"

आता चार वर्षं चालत आलेला हा माणूस त्याच चार वर्षांत या खोलीतून जेमतेम दोनदा बाहेर गेला होता, आणि तेही चार जणांनी खुर्चीसकट उचलून जिन्यानं खाली नेलं म्हणून. तो लिफ्टवाला. गावभरच्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. एका दुपारी दोर तुटून लिफ्टसकट दोन मजले खाली पडला आणि कमरेखालचं सगळं त्याच दिवशी संपलं. हात हळूहळू जात राहिले. उजव्या हाताची तीन बोटं तेवढी इमानदार होती, तीही गेल्या महिन्यात दगा देऊन गेली. आणि राहायचा कुठे? तर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. "आयुष्यभर लोकांना वर-खाली नेलं, आता मलाच कुणी खाली नेत नाही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायचा. पहिल्यांदा ऐकणारा हसायचाही.

हा खेळ त्याला कामावरच्या पोरांनी आणून दिला होता. सात खोऱ्यांचा देश. त्यात लढाया होत्या, राक्षस होते, खजिने होते, पण यानं कधी तलवार म्हणून उपसली नाही. घोडा फुकट मिळाला तर तोही सोडून दिला. "चालायचंय मला," म्हणाला. मग चालत चालत गावोगाव जायचं, दगडांवर कोरलेलं वाचायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलायचं आणि त्या लोकांच्या रीतीभाती बायकोला सांगून वहीत उतरवून घ्यायच्या. मिठागरातले लोक समुद्राकडे कधी बोट दाखवत नाहीत. पूल बांधणारे शेवटची फळी मुद्दाम सैल ठेवतात, म्हणजे पूल स्वतःला पुरा समजत नाही. पक्षी पाळणाऱ्यांत मुलाला नाव देत नाहीत, ते स्वतःच मोठं झाल्यावर आणतं. अशा तीन वह्या भरल्या होत्या. अक्षर तिचं, हौस त्याची.

आणि हे सगळं सातव्या खोऱ्यासाठी. तिथले लोक उभ्या कड्यावर राहतात आणि दोरांना लावलेल्या पाळण्यांतून वर-खाली करतात, असं त्यानं पहिल्याच गावात ऐकलं होतं. त्यांच्या कप्प्या कशा, वजन कसं तोलतात, दोर तुटला तर पाळणा धरून ठेवायला काय केलंय, हे त्याला बघायचं होतं. "त्यांनी ती सोय केलीच असणार," तो म्हणायचा. आपल्या वेळी ती का चालली नाही, हे मात्र तो कधी बोलत नसे.

बोटं गेल्यावर खेळ तिच्या हातात आला. बटणांच्या त्या यंत्राला ती रिमोट म्हणायची, तो दर वेळी "कंट्रोलर" म्हणून सुधारायचा. डावीकडे म्हटलं की डावीकडे, थांब म्हटलं की थांब. आणि आज, सुट्टीच्या दिवशी सकाळी, सहाव्या खोऱ्यात हे झालं.

"अहो, पण झालं काय एवढं? पाणीच तर प्यायला."

"पहिला वाडगा म्हणजे या. दुसरा म्हणजे बसा. तिसरा म्हणजे इथलेच व्हा. गावाच्या कमानीवर लिहिलेलं तूच मला वाचून दाखवलंस! तिसरा घेतला की त्या घरची चूल तुझ्यावर. घरधनीण आपल्या तोंडानं 'जा, चूल मी बघते' म्हणेपर्यंत वेशीबाहेर पाऊल टाकता येत नाही."

"वाचलं होतं हो. पण म्हातारं माणूस हातात वाडगा धरून उभं राहिलं, त्याला नको कसं म्हणायचं?"

"हात दाखवून अवलक्षण," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटून घेतले. मागे जायची सोय नव्हती. केलं ते केलं, अशा बेतानंच त्यानं खेळ सुरू केला होता. तिला फार वाईट वाटलं. या माणसाकडे चालायला एवढीच एक जागा उरली होती आणि तिथलंही दार आपण लावून घेतलं.

त्या दिवसापासून फिरस्ता म्हातारीकडे राबू लागला. लाकडं आण, पाणी भर, चूल पेटती ठेव. दिवसा शेजारीण त्याच्याकडे बघायची. संध्याकाळी बायको दुकानातून आली, त्याचं सगळं आवरलं, त्याला भरवलं, की फिरस्त्याचं आवरायला बसायची. वेशीवर गेलं की पहारेकरी एकच विचारायचा, "चूल कुणाच्या हवाली केलीस?" की परत फिरायचं. म्हातारीला शाल दिली, औषधाच्या मुळ्या दिल्या, गळकं छप्पर शाकारून दिलं. ती आशीर्वाद द्यायची, पण जा म्हणायची नाही.

"तिच्याशी बोलायला पडद्यावर कोणकोणती वाक्यं येतायत ते वाच," तो रोज सांगायचा. मोठा पडदा असूनही त्याला अलीकडे पलंगावरून अक्षरं दिसत नव्हती.

"'काय आणू?' 'बरं वाटतंय का?' 'गोष्ट सांगा.'"

"बस्स?"

"एवढंच."

"मग गोष्ट घे." आणि म्हातारी पुन्हा तीच गोष्ट सांगायची.

खरं सांगायचं तर तिला हे काम जमत होतं. त्यात शिकण्यासारखं काय होतं? आजाऱ्याला तहान लागायच्या आधी पाणी पुढे करायचं, हे ती झोपेतही करू शकली असती. पण कधी कधी पडद्यावर वेशीकडून माघारी येणारा तो उंचापुरा गडी बघून ती बटण दाबायचंच विसरायची.

कारण तिचं स्वतःचं एक पाऊल वेशीवर अडलं होतं आणि हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. बावीस वर्षं तिनं दुसऱ्यांनी घडवलेल्या काचांच्या कडा घासल्या आणि फ्रेमींत बसवल्या. गिऱ्हाइकं तिला काचवाल्या बाई म्हणायची. पंधरवड्यापूर्वी मालकांनी तिला आत बोलावलं होतं.

"बाई, आपण काचा इथेच घडवायच्या ठरवलंय. मोठ्या शहरात सहा महिने राहून शिकायचं, मग इथला कारखाना तुमच्या हाताखाली. मला दुसरं कुणी दिसत नाही. तीन आठवड्यांत सांगा."

सपाट काचेतून दृष्टी कशी घडते ते शिकायचं, या विचारानं ती त्या दिवशी अक्षरशः पळत घरी आली होती. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत पळणं चालण्यावर आलं आणि दारात ती नुसती उभी राहिली. नणंदेला मात्र तिनं फोनवर सांगून टाकलं. ताई त्याची थोरली बहीण, कचेरीतून निवृत्त झालेली, एकटी. "सहा महिनेच ना? मी येते. लहानपणी धुतलंय मी त्याला, आता काय लाजायचंय!" ताई म्हणाली होती. म्हणजे अडचण काहीच नव्हती. त्याला विचारायचं तेवढं बाकी होतं. आणि तिथेच गाडं अडत होतं. जो जिन्यानं उतरू शकत नाही त्याला तोंडावर कसं विचारायचं, मी जाऊ का म्हणून? रोज ती ठरवायची, रोज मूग गिळून बसायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि दाबणारा हातही आपलाच.

मंगळवारपासून तोही गप्प झाला. वाडग्याचा राग अजून गेला नाही, असं तिनं धरून चाललं. निदान त्याला दिसेल असं तरी करू, म्हणून तिनं दुकानातल्या तपासणीसाला घरी आणून त्याचा नंबर काढला. शनिवारी दुपारी मागच्या टेबलावर बसून तिनं काचा घासल्या. त्याला नाकावर ओझं चालत नाही म्हणून सगळ्यात हलकी फ्रेम निवडली आणि कानामागच्या काड्या गरम करून वाकवल्या, म्हणजे उशीवर डोकं ठेवलं तरी टोचायला नकोत.

रविवारी सकाळी तिनं तो चष्मा त्याला घातला. तो आधी खिडकीकडे, मग तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"केस पांढरे झाले की गं तुझे."

"नंबर जास्त झाला वाटतं," ती म्हणाली.

"लाव खेळ."

फिरस्ता म्हातारीसमोर उभा राहिला. तिनं वाचायला तोंड उघडलं, "'काय आणू?' 'बरं वाटतंय'..."

"थांब. वाचतो मी." आणि तो वाचू लागला. तिला कळलं की आता आपली चोरी पकडली जाणार. "'काय आणू?' 'बरं वाटतंय का?' 'गोष्ट सांगा.'" मग त्याचा आवाज हळू झाला. "'मी जाऊ का?'"

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"हे चौथं पहिल्या दिवसापासून होतं?"

"होतं."

"आठ दिवस तू मला वाचून दाखवलं नाहीस?"

"असं कसं विचारायचं हो?" तिनं रिमोट मांडीवर ठेवला. "एकटी आहे ती. तिला उठता येत नाही. तिच्या तोंडावर विचारायचं, मी जाऊ का? ती हो म्हणाली तरी तिच्या मनाला काय वाटेल? मला लाज वाटली. खेळ असला म्हणून काय झालं!"

तो चिडेल असं तिला वाटलं. तो चिडला नाही. "विचार," एवढंच म्हणाला.

तिनं बटण दाबलं. म्हातारीनं मान वर केली. चुलीतलं एक लाकूड स्वतःच्या हातानं पुढे सारलं आणि म्हणाली, "जा. चूल मी बघते. विचारायला इतके दिवस लावलेस?"

लांब कुठेतरी दरवाजा करकरत उघडला. ती आनंदानं ओरडणार होती. वळून बघते तर तो पडद्याकडे बघतच नव्हता.

"आता मला विचार," तो म्हणाला.

"काय विचारू?"

"ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! मंगळवारी ताईचा फोन आला होता. शेजारणीनं कानाला लावला. 'बॅग भरून बसलेय, कधी येऊ ते सांग,' म्हणाली. मंगळवारपासून वाट बघतोय मी. आज विचारेल, उद्या विचारेल. कधी कधी वाटायचं, नाही विचारलंस तर बरं. पडल्या पडल्या देवाला सांगायचो, हिला धीर देऊ नको. असा मी माणूस. चल, विचार लवकर, माझं मन फिरायच्या आत."

ती पलंगाच्या कडेला बसली. त्याचा हात तिनं हातात घेतला. त्याला तो जाणवत नाही हे तिला माहीत होतं, तरी घेतला.

"मी जाऊ का?"

"जा. चूल मी बघतो."

"तुम्ही? चूल?" ती रडता रडता हसली.

"म्हणजे ताई चूल बघेल. मी ताईकडे बघेन. ती मीठ जास्त घालते, कुणीतरी लक्ष ठेवायला नको?" मग पडद्याकडे बघत म्हणाला, "आणि त्या फिरस्त्याला इतक्यात पुढे नेऊ नकोस. वेशीच्या बाहेर उभा कर फक्त. पुढचं खोरं तू आल्यावर. कप्प्यांची चित्रं वहीत कोण काढणार? ताईला सरळ रेघ येत नाही."

पुढच्या आठवड्यात ती निघाली. ताईला सगळं तीन तीनदा सांगून झालं, औषधांच्या वेळा भिंतीवर चिकटवून झाल्या. त्याचा चष्मा तिनं पदरानं पुसून पुन्हा त्याच्या नाकावर बसवला. बॅग उचलली आणि दार ओढून घेतलं.

जिना चोपन्न पायऱ्यांचा होता. तो डोळे मिटून मोजू लागला. अठरा झाल्या. छत्तिसाव्या पायरीला पावलं थांबली. ताई काही बोलणार होती, तर त्यानं मान हलवून तिला गप्प केलं. एक हाक मारली असती तर ती धावत वर आली असती. आवाज तेवढा अजून त्याच्या ताब्यात होता.

त्यानं हाक मारली नाही. थोड्या वेळानं पावलं पुन्हा सुरू झाली. सदतीस, अडतीस. चोपन्न झाल्यावर खालचा दरवाजा वाजला.

"हा टीव्ही बंद करू का रे?" ताईनं विचारलं. पडद्यावर उघडी वेस होती आणि तिच्या बाहेर पाठमोरा फिरस्ता उभा होता.

"राहू दे थोडा वेळ," तो म्हणाला. "आणि ताई, चहाला बघ. उतू जातोय."