काडीकिड्याची कात

अपूर्वाने श्वास रोखला आणि भिंग फांदीच्या आणखी जवळ नेलं. पेरूच्या पानाखाली उलटा लटकलेला काडीकिडा पाठीवर उसवत होता.

तिला आठवा महिना होता. पहिलं बाळ याच महिन्यात पोटातच गेलं होतं, म्हणून या वेळी डॉक्टरांनी पलंगावरून उठू नको असं बजावलं होतं. हिंदी मुलखातल्या नानाखेड्याच्या घरात पाच आठवडे ती डाव्या कुशीवर पडून होती. वेळ जावा म्हणून नवऱ्याने, मंदारने, अंगणातली फांदी किड्यासकट आणून पाण्याच्या बाटलीत ठेवली होती. आधी तिला तो प्रार्थनाकीटक वाटला. मग दिसलं, याचे पुढचे पाय आकड्यासारखे दुमडत नाहीत, मिशांना लागून सरळ पुढे पसरतात. पंख नाहीत. फुंकर मारली तर पळत नाही, वाऱ्यातल्या काडीसारखा डोलतो.

"घरात लकड़ीचा कीडा ठेवायचा, हा काय शौक आहे!" सासूबाई म्हणाल्या होत्या. आत्ता त्या समोरच्या खुर्चीत गप्प बसून मेथी निवडत होत्या.

जुन्या कातडीतून डोकं बाहेर आलं, मग एकेक पाय, ओल्या दोऱ्यासारखा मऊ, फिका हिरवा. एक पाय अडकला. तुटणार, असं वाटून अपूर्वाने मूठ आवळली. पाय सुटला. किडा वर वळला आणि आपलीच कात खाऊ लागला.

तिने हसून घड्याळाकडे पाहिलं. पावणेतीन.

हसू तिथेच विरलं. जेवणानंतर दोन तासांत बाळ दहा वेळा हललं पाहिजे, नाहीतर तडक दवाखाना गाठायचा. ती रोज मोजायची. आज एक वाजता जेवण झालं होतं आणि तिने एकदाही मोजलं नव्हतं.

तिने पोटावर तळवा ठेवला. बाजूने हळूच दाबलं. काहीच नाही. मागच्या वेळीही अशीच दुपार होती. बाळ झोपलंय असं तिला वाटलं होतं.

"आई." तिने हाक मारली. "आई, मी मोजलंच नाही. बाळ हलत नाहीये."

मेथी फरशीवर सांडली. सासूबाई पलंगाच्या कडेला येऊन बसल्या.

"रुक जरा. अकरा झालेत."

"काय अकरा?"

"अकरा वेळा हललं. तुझं ध्यान त्या किड्यात होतं. गाऊन हलतो तो मला तिथून दिसतो."

"तुम्ही मोजत होतात?"

"रोजच मोजते." सासूबाई खाली बघत म्हणाल्या, "मागच्या वेळी मी शेजारी बसून टीव्ही बघत होते ना."

अपूर्वाने त्यांचा हात धरून पोटावर ठेवला. मेथीने हिरवी झालेली बोटं थंडगार होती.

"मग आत्ता का नाही हलत?"

झोपलं असेल, असं सासूबाई म्हणाल्या नाहीत.

"पाच मिनिटं बघू. नाहीतर मी ऑटो बोलावते."

घड्याळाचा काटा सरकत राहिला. गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. अपूर्वाने डोळे मिटले.

मग तळव्याखाली काहीतरी आतून सरकलं.

"बारा," सासूबाई हळूच म्हणाल्या. हात मात्र त्यांनी काढला नाही.