दोन टॉवेलांचा पिंजरा

आमच्या घरात एकेकाळी उंदीर पाळले होते असं सांगितलं, की ऐकणारा आधी हसतो. यंत्रमागवाल्याचं घर आणि उंदीर! सुताची बाचकी कुरतडणारा हा प्राणी. त्याच्यासाठी आमच्याकडे सापळा, मांजर आणि अव्वाच्या शिव्या असा तिहेरी बंदोबस्त असायचा. त्यामुळे सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांनी, अप्पांनी, टोपलीतून दोन गिनीपिग, म्हणजे विलायती उंदीर, घरी आणले, तेव्हा अव्वा, म्हणजे माझी आई, कमरेवर हात ठेवून दारातच उभी राहिली.

“विलायती असले म्हनून काय झालं? उंदीर ते उंदीरच की. सूत खातील.”

“गवत खात्यात,” अप्पा म्हणाले. “शंकरप्पानं सांगितलंय.”

शंकरप्पा हा अप्पांचा दोस्त, एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई. सुट्टीत तिथली जनावरं बघायला कुणी नसतं, म्हणून त्यानं ही ब्याद अप्पांच्या गळ्यात मारली, असं अव्वाचं मत. मी दोन गल्ल्यांवर सासरी राहायची, शाळेत शिकवायची आणि शाळा सुटली की माहेरी डोकावायची, त्यामुळे मला खरं काय ते ठाऊक होतं. अप्पांनी ती जोडी मागून आणली होती, गुरम्मासाठी.

गुरम्मा माझी वहिनी, माझ्या धाकट्या भावाची, चन्नवीरची बायको. मंद्रूपच्या शेतकऱ्याची लेक. त्या माघात तिला मुलगा झाला आणि बारशाच्या आधीच गेला. पहाटे ती त्याला पाजायला उठली, तर कुशीतलं लेकरू गार पडलेलं. अप्पा आणि चन्नवीर त्याला दवाखान्यात घेऊन धावले, तिथून परस्पर रुद्रभूमीत नेऊन पुरून आले, आणि आल्यावर तो विषय बंद झाला. बारशाआधी गेलेल्या लेकराचं बोलणं घरात काढायचं नाही, काढलं तर पुढच्याला बाधतं, अशी आमच्याकडची रीत. ही रीत ज्या कुणी घातली त्याचं स्वतःचं लेकरू कधी गेलं नसणार. आणि एवढी रीत पाळून अव्वा एकदा ज्वारी निवडता निवडता म्हणून गेलीच, “कूस बदलताना बाईमाणसानं ध्यान ठिवावं.” एकदाच म्हणाली. गुरम्मा समोर सूप घेऊन बसली होती.

त्या दिवसापासून तिनं बोलणं टाकलं. काम सगळं करायची. भाकऱ्या थापायची, सुताच्या कांड्या भरायची, पाणी भरायची. विचारलं तर मान हलवायची, बस्स. तिचे वडील चनमल्लप्पा येऊन पोरीकडे बघून गेले आणि जाताना अप्पांना म्हणाले, “बेंदुराच्या सणाआधी येतो. तवा तिला इचारू. यायचं म्हनली तर घिऊन जानार, ऱ्हायाचं म्हनली तर ऱ्हाऊ दे.” अशी माहेरी गेलेली सून परत येतेच असं नाही, हे अप्पा जाणून होते. त्यांना ती जायला नको होती. सून म्हणून नव्हे. पोटच्या पोरीपेक्षा, हो, माझ्यापेक्षाही, त्यांचा तिच्यावर जीव होता. मला त्याचा राग यायचा नाही असं नाही, पण ती होतीच तशी.

पण लाड कसे करायचे हे अप्पांना कुठं ठाऊक? त्यांनी बाजारातून पोपटाचा पिंजरा आणला. गोल, उंच, वरती कडी. त्यात ती दोघं, एक तांबूस आणि एक पांढरा-काळा, कोंबली आणि पिंजरा पडवीत खुंटीला टांगला. खाली तारांची जाळी. गिनीपिगांचे पाय त्या जाळीतून खाली लोंबायचे आणि ती एकमेकांना चिकटून थरथरत बसायची. अप्पा मोठ्या कौतुकानं म्हणाले, “कशी शानी बसल्यात बघ!”

गुरम्मा भांडी घासत होती. तिनं राखेचे हात धुतले, उठली, पिंजरा खुंटीवरून काढून जमिनीवर ठेवला.

“ही काय पाखरं हाईत व्हय मामा?” ती अप्पांना म्हणाली. “ह्यांना उंची काय करायची? पळायला जागा पायजे.”

आवाज घोगरा झाला होता. अव्वानं स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली आणि पुन्हा आत घेतली. अप्पा म्हणाले, “किती जागा पायजे?”

आता, आमच्या अप्पांना जगातली कुठलीही जागा टॉवेल आणि चादरीत मोजायची सवय. माझ्या लग्नाचा मांडवसुद्धा त्यांनी “चाळीस चादरींचा” घातला होता. ते आत गेले, मागावरून नुकताच उतरवलेला मोठा टॉवेल आणला आणि पडवीत अंथरला. गुरम्मानं गिनीपिग त्यावर सोडले. आधी ती हलेचनात. मग तांबूस मादी कडेकडेनं धावली, टोकाला गेली, वळली, टॉवेलाबाहेर पडली. गुरम्मा गुडघ्यांवर बसून बघत होती.

“एक पुरत न्हाय,” ती म्हणाली.

अप्पांनी दुसरा टॉवेल आणून पहिल्याच्या कडेला जोडून अंथरला. त्यावर दोघं मागंपुढं धावली आणि एकदा तर जागच्या जागी टुणकन उडाली. गुरम्मा हसली. मी दारात चपला काढत होते, मी बघितलं. दोन-अडीच महिन्यांत पहिल्यांदा.

“दोन टॉवेल,” अप्पांनी जाहीर केलं.

आजोबांचा हातमाग माळ्यावर सुटा करून ठेवला होता. अप्पांनी त्याची लाकडं खाली काढली. चन्नवीर म्हणाला, सुतार बोलवू, पण ते ऐकतात कुठले. पुढचे काही दिवस सासरा आणि सून पडवीत त्या पिंजऱ्याला भिडले होते. गुरम्मा सांगायची, अप्पा ठोकायचे. उंची हातभरच ठेवा. तळाला जाळी नको, फळी घाला, नाहीतर पाय सोलतात. झाकण जाळीचं, कारण आमचं मांजर. पण रोजचं दार समोरून ठेवा मामा, वरनं हात आला की त्यांना घार आल्यागत वाटतंय. लपायला एक कोपरा पायजे, म्हणून काठ फुटलेलं मडकं आडवं ठेवलं. पिंजरा कुठं ठेवायचा यावरही वाद झाला. अप्पा म्हणाले, मागांच्या खोलीत, आमच्या नजरेसमोर. गुरम्मानं कानांवर हात ठेवून दाखवले. मागांची खटखट ऐकून ऐकून अप्पांना ती ऐकू येईनाशी झाली होती, पण त्या जिवांना येणारच. मग पिंजरा स्वयंपाकघराच्या भिंतीला, सावलीत लागला.

राहिलं अंथरूण. गुरम्मा म्हणाली, माहेरून ज्वारीच्या कडब्याची बारीक कुट्टी मागवू. अप्पांना ते पटेना.

“कुट्टी टोचंल की. आपल्याकडं मऊची काय कमी हाय?” म्हणत त्यांनी मागाखाली साठणारं सुताचं वेस्ट दोन पाट्या भरून आणलं आणि पिंजऱ्यात पसरलं. पांढरं, तलम, तुटक्या धाग्यांचं. हात घातला तर कोपरापर्यंत बुडावा. आमच्याकडे मऊ म्हणजे तेच. उशा त्याच्या, बाळंतिणीच्या पाठीला लोड त्याचा. गुरम्मानं हात फिरवून बघितला आणि दार लावून घेतलं. मलाही ते छानच दिसलं.

त्यानंतरचे दिवस आमच्या घराला बरे गेले, असं म्हणायला हरकत नाही. गुरम्मा सकाळी लसूणघास घेऊन आली, की दोघं शीळ घातल्यासारखी ओरडायची. ती अप्पांना सांगायची, “मामा, मला वळखत्यात.” अप्पांना शीळ ऐकू यायची नाही, तरी ते म्हणायचे, “व्हय, ऐकलं की.” चन्नवीरशी ती बोलू लागली. अव्वाशी मीठ-मिरचीपुरतं. मग एक दिवस तांबडीचं पोट हाताला लागलं, आणि गुरम्मा सगळं सोडून तिच्यामागं लागली. तिला गाजर, तिला मेथीच्या काड्या. नराला वेगळ्या खोक्यात ठेवलं. अव्वासुद्धा एकदा कुणी बघत नाही असं पाहून काकडीचे काप टाकून आली.

मिरगाच्या तोंडाला तांबडी व्याली. तीन पिल्लं, अंगावर दाट केस, डोळे उघडे, जन्मल्या दिवसापासून पायांवर चालणारी. गुरम्मानं मला शाळेतून येताना रस्त्यातच गाठलं. “शिवक्का, चला की, बघा की, डोळं उघडं हाईत!” माझा हात धरून ओढत घेऊन गेली. अप्पा पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसले होते. मला म्हणाले, “आता ही कशाला जातीय मंद्रूपला?”

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सुट्टी म्हणून लवकर गेले, तर माग बंद होते. गुरम्मा पिंजऱ्याच्या दाराशी बसली होती आणि तिच्या तळहातावर एक पिल्लू होतं. त्याच्या मानेत सुताचा धागा अडकला होता. पिल्लू त्या मऊ ढिगात शिरलं असणार, धाग्याचा फास बसला असणार, आणि सुटायला जेवढं ओढलं तेवढा तो आवळत गेला असणार. दुसऱ्या एका पिल्लाच्या पायाला वेढा बसला होता, ते मात्र जिवंत होतं. गुरम्मानं कात्रीनं त्याचा धागा तोडला. पाय काळा पडला होता.

अप्पा भिंतीला टेकून बसले होते. मी माझ्या बापाला रडताना पाहिलं नव्हतं. नातू पुरून आले त्या दिवशीही ते थेट मागावर जाऊन उभे राहिले होते. आज ते धोतराचा सोगा तोंडात धरून रडत होते. “मी घातलं ते,” म्हणत होते. “ही कुट्टी म्हनत व्हती. मीच घातलं. माझ्या हातानं मारलं मी.”

गुरम्मानं पिल्लू खाली ठेवलं. ती सरकत सरकत अप्पांजवळ आली. सासऱ्याच्या अंगाला सुनेनं हात लावायची आमच्यात पद्धत नाही. तिनं त्यांच्या पायाशी जमिनीवर हात ठेवला.

“मामा, असं म्हनू नगा. तुमची काय चूक? तुमी मऊच घातलं व्हतं की. मायेनंच घातलं व्हतं.”

अप्पा रडायचे थांबले. तिच्याकडे बघत राहिले.

“पोरी,” ते म्हणाले, “लेकरू गेलं तवा हे तुला कुनी म्हनलं न्हाय.”

तिनं मान हलवली. नाही.

दारात अव्वा उभी होती. तिनं त्या क्षणी दोन शब्द बोलायला हवे होते. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली, चुलीवर चहाचं आधण ठेवायला. आईचा मला इतका राग आला नव्हता कधी.

“डाक्टरांनी तवाच सांगितलं व्हतं,” अप्पा म्हणाले. “काळजाला जन्मापासनं भोक व्हतं त्याच्या. जगनार नव्हतंच. कुनाच्या कुशीत असतं तरी. मला सांगितलं, चन्नवीरला सांगितलं. आमी म्हनलं, लेकराचं नाव काढून तुला कशाला दुखवायचं. रीत न्हाय. इसरून जाशील. म्हनून बोललो न्हाय.”

मला हे माहीत नव्हतं. चार महिने ती पोर रात्रीला कूस बदलायला घाबरत होती, एकाच अंगावर झोपत होती, चन्नवीरनं मला सांगितलं होतं. आणि कारण घरातल्या दोन पुरुषांना ठाऊक होतं.

गुरम्मानं पिंजऱ्यात हात घालून ते सगळं वेस्ट ओंजळी-ओंजळीनं बाहेर काढलं, एकही धागा राहू दिला नाही. चन्नवीरला बाजारात पाठवून कुट्टी आणवली, ती पसरली. मेलेलं पिल्लू परसात पुरलं. मग पाणी भरायला गेली.

ठरल्याप्रमाणे चनमल्लप्पा बेंदुराच्या आधी आले. अव्वानं पुरणपोळी केली होती, पण कुणी नीट जेवलं नाही. त्यांनी सगळ्यांसमोर लेकीला विचारलं, “काय करायचं, बाळ?”

गुरम्मा आत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली. ती आधीच भरलेली होती.

अप्पा उठले. सासऱ्यानं सुनेपुढं कधी करू नये ते त्यांनी केलं, दोन्ही हात जोडले. “तुझी काय चूक नव्हती, पोरी,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “तू त्याला मायेनंच कुशीत घेतलं व्हतं. जाऊ नगस.”

तिनं त्यांचे जोडलेले हात खाली केले. मग वाकून त्यांच्या पायांना हात लावला, अव्वाच्या पायांना लावला, चन्नवीरकडे बघितलं.

“तवा म्हनायचं व्हतं, मामा,” ती म्हणाली, आणि वडिलांच्या मागून बाहेर पडली.