पहिलं शील

पांढरकवड्याच्या वस्तीतल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी वंदना कांताबाई घेत. पंचशीलातलं एकेक शील त्या म्हणत, बाकीचे मागून म्हणत. एखादं लेकरू गप्प राहिलं तर रागवायच्या नाहीत. त्याच्याकडे बघून तीच ओळ पुन्हा म्हणायच्या, त्यानं म्हटली की पुढे जायच्या.

त्या पौर्णिमेला वंदनेनंतर त्यांच्याच लेकीचा सत्कार होता. मैत्रेयीचं एरोस्पेस इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष संपलं होतं, हैदराबादच्या एका कंपनीत निवड झाली होती. वस्ती तिला 'विमानवाली' म्हणू लागली होती.

दुपारी कांताबाई विहारासाठी फुलं निवडत होत्या. मैत्रेयी येऊन समोर बसली.

"आई, विमान नाही बनवत ते लोक."

"मंग?"

"बॉम्ब. वरून पडताना भरकटू नये म्हणून त्याले मागं बारके पंख असतात. ते माह्याकडं राहीन. पंखावरून हवा कशी वाह्यते, हेच तं शिकलो ना मी."

कांताबाईंचा हात फुलांतच राहिला. "अन् माणसं बसतात ते विमान?"

"त्या कंपन्या आमच्या कॉलेजात आल्याच नाहीत. एकजण आलता. त्यानं विचारलं, हे पांढरकवडा कुठं येते? झाला इंटरव्ह्यू." ती हसली, पण लगेच थांबली. "आज होकार द्यायचा हाय. तू नको म्हण, मी नाही जात."

"मी कायले म्हणू? शील ज्याचं त्यानं घ्यायचं असते. तुले समजते."

"समजते म्हणूनच विचारून राह्यलो."

कांताबाई पुन्हा फुलं निवडू लागल्या. लेक आपणहून नाही म्हणेल, असं त्यांना वाटत होतं.

संध्याकाळी विहार भरला. मैत्रेयी पहिल्या ओळीत हात जोडून बसली. त्रिशरण झालं. कांताबाईंनी पहिलं शील म्हटलं, जीवहिंसेपासून दूर राहण्याचं. सगळ्यांनी मागून म्हटलं. मैत्रेयीचे ओठ मिटलेले होते.

कांताबाई थांबल्या. तिच्याकडे बघत त्यांनी तेच शील पुन्हा म्हटलं. बाईंना विसर पडला असेल, असं समजून लोकांनीही पुन्हा म्हटलं. मैत्रेयी गप्पच. तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा आवाज विरळ झाले आणि माना वळल्या.

"वयनी, घ्या ना पुढं," समितीचे अध्यक्ष धर्मपाल हळूच म्हणाले. "हार सुकून राह्यला."

"पोरीनं म्हटलं नाही अजून."

"मी म्हणत नाही, आई," मैत्रेयी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "म्हटलं अन् सोमवारी तिथं रुजू झालो, तं खोटं होईन. बॉम्बची कंपनी हाय ते."

 मग धर्मपालच उभे राहिले. "अवं, देशाचं काम हाय! आपल्या वस्तीतली पोरगी तिथवर पोचली, हे काय कमी हाय? वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. उरलेली चार शीलं धर्मपालांनी घाईघाईनं उरकली, शाल घातली, फोटो काढले. मागं कोणीतरी कुजबुजलं, "स्वतःच्याच लेकीचं बरं पाह्यवत नाही बाईले."

घरी आल्यावर मैत्रेयीनं शाल खुर्चीवर फेकली. "विहारात एवढ्या लोकांपुढं तीनदा म्हटलं. अन् घरी एक 'नको' म्हणता आलं नाही तुले?"

"तू आपल्या मनानं म्हणशील, असं वाटलं होतं मले."

"माह्यं मन असं तयार असतं, तं तुह्यापाशी कायले आलतो मी?"

कांताबाईंनी तोंड उघडलं. 'नको' हा शब्द अगदी जिभेवर आला. पण विहारातल्या टाळ्यांनंतर तो आता रागाचा वाटेल, धर्माचा नाही, या भीतीनं त्यांनी तो गिळला.

मैत्रेयी थोडा वेळ वाट बघत राहिली. मग आईसमोरच फोन काढून तिनं होकार पाठवला.

"रविवारी गाडीत बसवून द्यायले येऊ?" कांताबाईंनी विचारलं.

"नको. धर्मपालकाका येऊन राह्यले," मैत्रेयी फोनमधून वर न बघता म्हणाली. "त्यायले हायवेवर अजून फोटो काढायचे हायेत."