सीतारामरावांची उशी

मी उशी आहे. तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, कमलाक्षीच्या पलंगावर, तिच्या दुखऱ्या पायाखाली माझी जागा. उशीला काय सांगायचं असणार, असं म्हणाल. अहो, माणूस दिवसा जगाशी बोलतो आणि रात्री उशीशी. या घरातलं मला जेवढं ठाऊक, तेवढं कोणालाच नाही. ऐका तर.

तिरुवैयारूच्या वाटेला, कालव्याच्या काठी सावरीचं एक उंच झाड होतं. मी त्याच्या बोंडांतला कापूस. उन्हाळ्यात बोंडं तडकायची आणि आम्ही वाऱ्यावर निघायचो. त्यातली बोंडं कमलाक्षीच्या सासूनं गोळा केली, एकेक बी काढलं आणि निळ्या पट्ट्यांच्या खोळीत मला ठासून भरलं. "मऊ उशी आळशाला," म्हणायची. म्हणून मी अशी टणक. लेकासाठी केलं होतं मला, सीतारामरावांसाठी. कमलाक्षी तेव्हा नवी नवरी.

सीतारामराव डोक्याला तेल भरपूर लावायचे. ते माझ्या अंगात मुरलं. रात्री ते कचेरीतल्या लोकांच्या नकला करायचे आणि कमलाक्षी तोंडात पदर कोंबून हसायची. "हळू गे, अम्मा जागी आहे," म्हणायचे, आणि स्वतःच मोठ्यानं हसायचे.

मग ते गेले. माझ्यावरच डोकं ठेवून गेले.

गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. गादी दिली, पांघरूण दिलं, काठीसुद्धा दिली. मला तेवढं कमलाक्षीनं तांदळाच्या पिंपामागं लपवलं. तेरा दिवस झाल्यावर बाहेर काढून मला फुलांचा अभ्रा घातला. लेक गिरीश, सून भुवना, कोणाला कळलं नाही. अम्माच्या पलंगावर एक उशी जास्त, एवढंच.

त्या दिवसापासून मी तिच्या उशीशेजारी. रात्री माझ्यावर हात ठेवून ती दिवसाचं सगळं सांगायची. "आज भुवना रसमात मीठ विसरली हो. गिरीश मुकाट्यानं जेवला. तुम्ही असता तर ताट ढकललं असतं." हे असं. मग झोप लागायची तिला. मी काय बोलणार? पण ऐकायला कोणी आहे म्हटल्यावर माणसाला झोप येते.

यंदा पोंगल होऊन गेल्यावर पाट्याचा दगडी वरवंटा धुऊन ठेवताना तिच्या हातून निसटला आणि उजव्या पावलावर आला. बोटांची हाडं चुरली. डॉक्टरांनी पाऊल चिरून आत तारा घातल्या. घरी पाठवताना भुवनाला बजावलं, "यांना साखरेचा आजार आहे. जखम लवकर भरत नाही. रात्रभर पाय छातीपेक्षा उंच पाहिजे. खाली राहिला की सूज येईल, सुजेनं टाके उसवतील, मग बोटं वाचायची नाहीत."

घरी आल्यावर भुवनानं पायाखाली स्पंजच्या उश्या ठेवून पाहिल्या. पाय ठेवला की त्यांची पोळी होई. मग तिची नजर माझ्यावर गेली. दाबून पाहिलं.

"अम्मा, ही बघा किती छान! दगड आहे दगड."

कमलाक्षीचा चेहरा मी पाहिला. डोक्याची उशी पायाला लावत नाहीत, हे तर लहान पोरालाही माहीत. आणि ही तर त्यांच्या डोक्याची. पण सांगणार कसं? मेल्या माणसाची वस्तू इतकी वर्षं घरात ठेवली, हे सांगावं लागलं असतं. ती एवढंच म्हणाली, "वर टॉवेल घाल गे, जाड."

भुवनाला वाटलं, डाग पडतील म्हणून. कमलाक्षीला मात्र मध्ये भिंत हवी होती.

रात्र वाईट. दिवसा लोक येतात, जातात, टीव्ही चालतो, दुखणं कोपऱ्यात बसून राहतं. घर निजलं की ते उठतं. पावलात कोणी मुसळानं कांडतंय असं ठणकायचं. गोळीचा जोर उतरला की ठणका थेट मांडीपर्यंत चढे. कमलाक्षी ओरडायची नाही. पदराचा बोळा दातांत धरायची. आणि सगळे निजले अशी खात्री झाली की दोन्ही हातांनी पाय उचलून खाली गादीवर ठेवायची, कण्हत वाकून मला ओढायची, टॉवेल काढून मला डोळ्यांना लावायची.

"चुकलं हो. सून आहे, तिला काय ठाऊक."

मग मला छातीशी धरून बोलत राहायची. दुखतंय हे फक्त मलाच सांगायची. उजाडायच्या आत पुन्हा टॉवेल, पुन्हा मी पायाखाली.

"झोपलात का अम्मा?"

"झोपले गे, छान."

भुवना खूश. पण सूज उतरेना. बोटं तर वांग्यासारखी झाली. गिरीश बायकोवर चिडला, "पाय वर ठेवतेस ना नीट?" ती म्हणाली, "तुम्हीच ठेवून बघा एकदा! पोराला निजवावं तसं निजवते मी तुमच्या अम्माला." बिचारी. मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडले असते.

शेवटी तिला संशय आला. एका रात्री न सांगता ती दाराबाहेर चटई टाकून पडली. आतून बोलण्याचा आवाज आला म्हणून दिवा लावला. पाय खाली, मी छातीशी, आणि टाक्यांतून पाणी गळतंय.

"हे काय करता अम्मा?"

कमलाक्षीला लपवायला काही उरलं नव्हतं. "त्यांचं डोकं होतं गे हिच्यावर. मी पाय ठेवू?"

भुवनानं पाय उचलून मांडीवर घेतला. "सांगायचं तरी. दुसरी आणली असती."

"सांगितलं असतं तर हसली असतीस."

"हसले असते," भुवना रडत म्हणाली. "पण आणली असती ना!"

पहाटे गाडी करून इस्पितळात नेलं. कमलाक्षीनं मला सोडलं नाही, म्हणून मीही गेले. दोन बोटं काळी पडली होती. ती कापली.

त्या रात्री तिला भूल होती. नर्सबाईनं रक्तानं भिजलेला टॉवेल बादलीत टाकला आणि तो पाय सरळ माझ्यावर ठेवला. "तूंगुंगो पाटी, झोपा आता आजी," म्हणाली. चांगली बाई, चांगलंच केलं तिनं. रक्त अभ्र्यातून खोळीत उतरलं. जिथं तेलाचा डाग होता, तिथंच.

सकाळी कमलाक्षीनं डोळे उघडले आणि पायाकडे पाहिलं. मध्ये काही नव्हतं.

घरी आल्यावर भुवनानं दुकानातून नवी कोरी उशी आणली. म्हणाली, "ही पायाला. ती तुम्ही जवळ घ्या अम्मा. मी अभ्रा धुतलाय. कोणी काही म्हणणार नाही."

कमलाक्षीनं मला हात लावला नाही. "एकदा पायाला लागली ती पायाची. आता डोक्याशी कशी घेऊ? तीच ठेव खाली."

भुवनानं समजावलं, गिरीशनं समजावलं. नाही म्हणजे नाही.

आता मी रात्रभर पायाखाली असते. पाय खाली उतरत नाही. सूज गेली, जखम सुकतेय, डॉक्टर म्हणतात पाऊल वाचलं. भुवना रात्री उठून गोळी देते, "झोपले" म्हटलं तरी विश्वास ठेवत नाही, डोळ्यांवर हात ठेवून पाहते. पापण्या ओल्या लागतात. कापलेली बोटंच जास्त दुखतात, असं डॉक्टर म्हणाले. नसलेल्या बोटांना मी कसा आधार देऊ?

पण कमलाक्षी आता बोलत नाही. नवी उशी शेजारी पडून असते, तिला ती एक शब्द सांगत नाही. मीठ कोण विसरलं, कोण आलं, किती दुखतंय, काही नाही. छताकडे बघत पडते.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस "छान झोपले" म्हणत असेल तर एकदा रात्री दाराशी जाऊन ऐका. आतून बोलणं ऐकू आलं तर हसू नका, आधी पाय बघा. आणि काहीच ऐकू आलं नाही, तर आत जा. जवळ बसा. मला कान आहेत, पण आता मी तिच्यापासून फार लांब आहे.